कॉलसाइन सांग, राही!

२००३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. राही हार्डवेअरच्या दुकानात गंजलेल्या अँटेनासाठी पॉलिशपेपर मागत होती, तेवढ्यात मागून कुणी म्हणालं, "मिऱ्याला राहता काय? समुद्राचं खारं वारं तांबं खाणारच!"

ती वळली. हा आवाज ती महिनाभर हॅम रेडिओवर, हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, ऐकत होती... हातखंब्याचा दर्शन! आवाजापेक्षा माणूस देखणा निघाला आणि तिथंच घोटाळा झाला.

तिचा परवाना नवाकोरा आणि कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं सरकारी नाव, तेही नवंकोरं. रविवारी तो गच्चीवर तिला शिकवायला आला. केबलचा जोड उघडायचा, हिरवा गंज खरवडायचा, जोड आवळायचा. "टेप खालून वर गुंडाळ. कौलं रचतात ना, तशी. पाणी शिरत नाही." बोटाला बोट लागलं... आणि राहीने गरजेपेक्षा दुप्पट टेप गुंडाळली.

जोड झकास झाला. इतका, की त्याला परत बोलवायला निमित्तच उरेना! मग बाईसाहेबांनी स्वतःच तो सैल केला आणि खरखर येते म्हणून निरोप धाडला.

पुढच्या रविवारी दर्शन आला आणि शिडी आणायला खाली गेला. चटईवर बसलेली राही शेजारी बसलेल्या गोदावहिनीच्या कानाशी लागली, "अगो, बिघडलंय कुठं? जोड मीच सैल केलाय. तो आला नाही की... करमत नाही मला."

जिन्यातून तिचाच आवाज घुमला. दर्शनच्या कमरेला लावलेल्या रेडिओ सेटमधून!

राही ताडकन उठली. तिचा हँडसेट ओढणीखाली होता आणि बोलायच्या बटणावर ती खुशाल बसली होती. लगेच त्याच चॅनलवरच्या जुन्या गनीचाचांचा आवाज आला, "कोण गो ती पोरी? सगळ्यांनी ऐकलान हां!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानशिलं पेटली. दर्शन समोर उभा होता, पण मान वर होईना.

"या जोडासाठी हातखंब्याहून एसटीने आलो मी," तो हळूच म्हणाला.

"चुकले मी... लाज वाटते हो. हा सेट घेऊन जा. मी पुन्हा हवेवर बोलणार नाही."

"आणि कॉलसाइन कोण सांगणार? हवेवर निनावी बोलायचं नाही, पहिला नियम."

"आता? सगळ्यांसमोर?"

त्याने हसून सेट तिच्याच हातात ठेवला. राहीने बटण दाबलं, एकेक अक्षर उच्चारत कॉलसाइन सांगितली. "मघाशी बोलले... ती मीच. चॅनल अडवला, माफ करा. खोटं सांगून माणसाला बोलावलं, त्याचीही माफी. पण करमत नाही, ते... खरं आहे."

 

दर्शनने कमरेचा सेट काढला. हातभर अंतरावर उभा राहून त्याने आपली कॉलसाइन सांगितली आणि म्हणाला, "आवाज स्वच्छ येतोय, राही. मलाही करमत नाही. ओव्हर."