कागद कोरडाच होता

ही गोष्ट रचलेली नाही. लक्ष्मीपुरीत अझीमचं आणि माझं दुकान भिंतीला भिंत लावून आहे, आणि अझीमला थापा मारता येत नाहीत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

यंदाचा मार्च. मंगळवार. भर दुपारचे तीन.

अझीम जुनी भांडी पारखतो. त्या दिवशी वर्षाराणी नावाची मुलगी एक किटली घेऊन आली. चीनहून आलेली, तपकिरी मातीची, कुणीतरी वापरून विकलेली. तिचे वडील हंबीरराव पन्हाळ्याला एकटे राहतात. त्यांना कोऱ्या चहाचा भारी नाद, म्हणून किटली त्यांच्यासाठी घेतलेली.

भेगबिग नाही ना, एवढं बघून ठेवा म्हणाली आणि बाजाराला गेली.

अझीमनं काठावरून बोट फिरवलं. टवका नाही. झाकण घट्ट. नखानं टिचकी मारली, तर आवाज खणखणीत.

मग त्याच्या वडिलांपासून चालत आलेली परीक्षा. किटली काठोकाठ भरायची, वर्तमानपत्रावर ठेवायची आणि अर्धा तास थांबायचं. कागद भिजला तर भेग. कोरडा राहिला तर भांडं निर्दोष.

अर्ध्या तासानं त्यानं झाकण उचललं...

पाणी कपभर कमी झालं होतं.

कागद कोरडा.

उन्हाळा आहे, माती पाणी पीत असेल, असं म्हणत त्यानं किटली पुन्हा भरली. आता समोरच बसला. दुकानात दुसरं कुणीही नव्हतं.

आणि मग...

फुर्रर्र.

बशीतला गरम चहा ओढावा तसा फुरका. त्याच्या कानाजवळून.

झाकण उचललं. आणखी कपभर पाणी गेलेलं.

अझीमनं माझ्या दुकानात येऊन सगळं सांगितलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणत मी त्याची टर उडवली. खोटं कशाला बोलू, हसलोच मी.

तेवढ्यात वर्षाराणी परत आली. तिला सांगणार काय? जन्मभर त्यानं एकाच प्रश्नाचं उत्तर दिलेलं.

"भेग न्हाय ताई. खुशाल न्या."

महिन्याभरानं तिचा फोन आला. आबा वाळत चाललेत. कितीही पाणी प्यायले तरी तहान भागत नाही, ओठ फुटलेत. डॉक्टरांना काहीच सापडत नाही.

अझीमनं गाडीला किक मारली. मी मागं बसलो. म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हंबीरराव पन्हाळ्याच्या घरी, पुढच्या सोप्यात बसले होते. नुसती हाडं उरलेली. समोर किटली आणि दोन कप. एक त्यांच्या हातात, भरलेला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

अझीमनं हात जोडले. चूक माझी आहे, किटली परत द्या म्हणाला. म्हाताऱ्यानं किटलीवर हात ठेवला.

"दारात आल्याल्या पावण्याला च्या न देता उठवू व्हय? आधी त्येंचं हुं दे की. मग माझं."

रिकाम्या खुर्चीपुढच्या कपातला चहा... खाली उतरत होता.

सावकाश.

फुर्रर्र.

आम्ही पळालो. दोन बाप्ये माणसं, त्या म्हाताऱ्याला तिथंच सोडून पळालो.

काल सकाळपासून वर्षाराणीचे सात फोन आलेत. अझीम नुसता फोनकडे बघत बसतो, उचलत नाही.

उचल, असं मीही त्याला म्हणत नाही.