बीव्हरच्या बांधात अडकलेली ओडेट

ओडेट गान्यों आणि तिचा थोरला भाऊ रोझेर त्या नोव्हेंबरात रानात शिरले ते एकाच नर हरणाच्या मागावर. न्यू हॅम्पशरच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगतच्या त्या स्प्रूसच्या सूचिपर्णी रानात हरणं मुळातच तुरळक. कडक हिवाळ्यात निम्मी बर्फात मरत. माद्यांना हात लावायचा नाही, हे बंधन दोघांनी स्वतःवरच घालून घेतलेलं. त्यामुळे सबंध मोसमात एखादा नर नजरेला पडला तरी नशीब. गेली कित्येक वर्षं ख्रिसमसची मांस भरून भाजलेली पाई दुकानातल्या डुकराच्या मांसावरच भागली होती. आणि आता दलदलीच्या काठाला रुंद खुरांचे ताजे ठसे उमटले होते!

पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर बाण मांडून ओडेट पट्टीने पाती मोजत होती. कायद्याने पातं ठरल्या मापाहून अरुंद चालत नाही, धनुष्याचा ताण चाळीस पौंडांच्या खाली चालत नाही, आणि बाणावर मालकाचं नाव-पत्ता लागतोच.

"झालं का मोजून, मास्तरीणबाई?" रोझेरने कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "आणि पत्ता एवढा कोरून कोरून कशाला? हरिण काय पत्र धाडणार आहे तुला?"

"तुझा नेम बघता तुझेच बाण पोस्टाने परत यायला हवेत!"

रोझेर खो खो हसला. मग त्याने वारा पाहिला आणि आवाज खाली आणला. "मी टेकाडाला वळसा घालून देवदारांच्या कडेला बसतो. तू बांधावरून पलीकडे जा. सावकाश. गडबड करू नकोस."

"गडबड कोण करतं ते मला सांगू नकोस," असं म्हणून ती निघाली.

तो बांध बीव्हरनी, झाडं कुरतडणाऱ्या त्या पाणप्राण्यांनी, फांद्या आणि चिखल रचून घातलेला. वर गवत, त्यावर हिमाचा पातळ थर. डावीकडे काळंशार तळं, उजवीकडे उतार. पाठीवरची पिशवी एका खांद्यावर सरकवून, धनुष्याने तोल सांभाळत ओडेट निम्म्यापर्यंत आली.

कडाड!

पायाखालचं गवत फाटलं. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. पिशवी तळ्यात पडली आणि तिच्यातला चाकू, काडेपेटी, कोरडे मोजे सगळं घेऊन बुडाली. ओडेटने पाय ओढला. हलेना! बांधाला भोक पडताच तळ्याचं पाणी तिच्या मांडीभोवतून धो धो वाहू लागलं आणि त्या ओढीने एक मनगटाएवढी फांदी येऊन तिच्या गुडघ्यावर घट्ट रुतून बसली. पाणी तिला आणखी आवळत होतं. भोक रुंद होत होतं. वरून काटक्या येत होत्या, एकीवर एक.

तिने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी ओठ इतके बधिर झाले होते की नुसती फुंकर निघाली.

ती आणखी खाली खचली आणि पाणी कमरेला लागलं. आता घाबरून चालणार नव्हतं. धनुष्य हाताशी होतं, आणि त्याला जोडलेल्या भात्यात तीन बाण. ओडेटने पहिला बाण उपसला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पात्याने फांदी कापू लागली. खरखर, खरखर. बोटं कुठे संपतात आणि बाण कुठे सुरू होतो, हे कळेनासं झालं. पहिलं पातं बोथट झालं. दुसरं गाठीवर मोडलं. तिसऱ्याची एक कड तुटून पाण्यात गेली. फांदी अजून निम्मी शिल्लक! तिने ओठ चोळून, सगळा जीव एकवटून आणखी एक शिट्टी मारली, आणि या वेळी ती रानभर घुमली.

एवढ्यात बांधाच्या टोकाशी काहीतरी हललं.

तोच! राखाडी अंगाचा, जाड मानेचा नर. पलीकडून उधळत आला आणि पाण्याच्या आवाजाने बांधाच्या तोंडाशी थबकला. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. इतक्या जवळून ओडेटने आयुष्यात नर पाहिला नव्हता. हात आपोआप धनुष्याकडे गेला. तिने हातातला तिसरा बाण दोरीला लावला. दोरी अर्धी मागे आलीही.

आणि तिची नजर बाणाच्या टोकावर गेली. एकच कड उरलेली, तीही दातेरी. कायद्याच्या मापात ते बसत नव्हतं हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते त्याला धड मारणार नव्हतं. पोटात मोडकं लोखंड घेऊन तो दलदलीत शिरला असता, दिवसेंदिवस कुजत मेला असता, आणि तिला जागचं हलताही आलं नसतं. या रानात असे किती उरले होते?

"जा," ती पुटपुटली. "जा रे बाबा."

तिने बाण न सोडता दोरी हळूच सैल केली. नराने फुस्स केलं, पांढरं शेपूट उंचावलं आणि एका झेपेत तो झाडीत दिसेनासा झाला.

ओडेट रडली नाही. तेवढी ताकदच नव्हती. तिने त्याच मोडक्या पात्याने पुन्हा फांदी घासायला घेतली.

"ओडेट! अगं ए! कुठे आहेस?"

"इथे! बांधावर! जपून, मधून चालू नकोस!"

रोझेर पोटावर सरपटत आला. त्याने एक वासा फांदीखाली घातला आणि सगळा भार टाकला. कापलेल्या जागी फांदी मोडली. त्याने बहिणीला काखेत धरून खेचलं. बूट आतच राहिला, पाय बाहेर आला! काठावर पोचताच त्याने स्वतःचा लोकरी कोट तिला घातला, आपली टोपी तिच्या उघड्या पायावर चढवली आणि बर्चच्या झाडाची साल पेटवली.

बऱ्याच वेळाने तिचे दात वाजायचे थांबले. "तो माझ्यासमोर उभा होता, रोझेर. मी नाही मारला. पातं मोडलं होतं."

रोझेर जाळात काटक्या सारत राहिला. "माझ्याही समोर होता. पुरी दोरी ताणली होती मी. तेवढ्यात तुझी शिट्टी आली, मी उठलो आणि तो उधळला."

"अरे, मग एक बाण सोडून यायचं होतंस की! कितीसा वेळ लागला असता?"

"बाण लागला असता, तर रक्ताच्या मागावर जावं लागलं असतं. जखमी करून सोडून देता येतं का?" तो उठला आणि तिच्यापुढे पाठ करून उकिडवा बसला. "चल, बस पाठीवर. आणि वजनाचं मी काही बोललो, तर ऐकून घ्यायचं आज."