कंसातला खोकला

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बावीस वर्षं नाशकात पत्रकारिता केली ती कागदांच्या जोरावर. कोण कुठल्या कंपनीचा, तो कुठल्या समितीत कसा शिरला, एवढंच शोधायचं. लोक मला खवचट म्हणतात. म्हणोत बापडे.

या वेळी विषय होता द्राक्षांवर फवारायचं एक औषध. त्यावर बंदी घालायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीत कंपनीचीच माणसं बसलीत, असा मला संशय होता. पहिली मुलाखत सोमाची घेतली. सुरगाण्याहून दिंडोरीच्या बागांत फवारणीला येणारा मजूर. दर वाक्याला खोकायचा. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी बारीक शीळ.

"वास जात नाय ताई," म्हणाला, "नाकातच बसलाय."

पंधरा दिवसांत तो गेला. त्याची बायको कुसाबाई आता तोच पंप पाठीला लावते. म्हणून ही बातमी मला छापायचीच होती.

समितीच्या अध्यक्षांची मुलाखत त्यांच्या कॉलेज रोडवरच्या केबिनमध्ये झाली. आम्ही दोघंच, दार बंद. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या रोहितने ती टाइप करून दिली. "कंपनीशी माझा काय संबंध?" या त्यांच्या वाक्यापुढे त्याने कंसात लिहिलं होतं, खोकला.

"ताई, तुमच्याबरोबर कोण होतं?"

मी ऐकलं. दोन आखूड, एक लांब, शीळ. सोमाचं जुनं रेकॉर्डिंग मिसळलं असेल, असं म्हणून मी रेकॉर्डरच नवा घेतला.

त्या नव्या रेकॉर्डरवर समितीचे आणखी तीन सदस्य बोलले. दोघांच्या बोलण्यात खोकला आला, एकेकदाच, कंपनीशी संबंध नाही म्हणताना. तिसऱ्या सदस्य एक बाई, त्यांच्या बोलण्यात नाही. कागद काढले. अध्यक्ष कंपनीचे सल्लागार, त्या दोघांना कंपनीने परदेशात फिरवून आणलेलं, आणि बाई अगदी स्वच्छ. मग काय, लाजच सोडली मी. आधी खोकला ऐकायचा, मग त्या माणसाचे कागद उकरायचे. एकदाही फसले नाही. भीती वाटायची, पण काम होत होतं.

बातमी तयार झाली. आमचे संपादक रंगनाथ सर यांचा नियम असा, की वेबसाइटसाठी बातमी लिहिणाऱ्याने स्वतःच्या आवाजात वाचायची आणि शेवटी आपल्या हितसंबंधांचं निवेदन द्यायचं. दुपारी तीन वाजता मी वाचलं, "या विषयात माझा कोणताही हितसंबंध नाही." परत ऐकलं तर त्या वाक्यामागे खोकला.

रागच आला मला. माझा कसला संबंध? मग दिशा आठवली. माझी मुलगी, पुण्यात शिष्यवृत्तीवर शिकते. ती देणाऱ्या संस्थेचे विश्वस्त शोधायला चार मिनिटं लागली. कंपनीचे मालकच.

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "लपवलंत तर बातमी मेली. खरं ते सांगून टाका."

खोलीचं दार लावलं. नवं निवेदन आधी एकदा म्हणून पाहिलं.

"माझ्या मुलीला याच कंपनीच्या संस्थेची शिष्यवृत्ती आहे."

काही नाही. हायसं वाटलं.

"हे मला आजच कळलं."

खोकला. अगदी मागे.

दोन वर्षांपूर्वी दिशाच्या फॉर्मवर पालक म्हणून सही मीच केली होती. सहीच्या वर कंपनीचं बोधचिन्ह होतं. मी ते पाहिलं होतं, आणि फॉर्म पालथा ठेवला होता.

रेकॉर्डर थांबवायला सवयीने हात पुढे केला. तो बंदच होता. बटण मी अजून दाबलंच नव्हतं.

खोलीत फवारणीचा वास होता. तो अजून गेलेला नाही.