ओळ संपू दे

लेक चारला गाडी घेऊन येणार होती आणि बापाला कायमचं आपल्या घरी नेणार होती. सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आज प्रयोगशाळेतला शेवटचा दिवस आहे तुमचा. एकच ओळ करा. दुसरी लावून बसलात तर उचलून नेईन."

एकच लावली होती. माशीची पन्नास अंडी, तांदळाच्या कणीहून बारीक, काचपट्टीवर एका रांगेत चिकटवलेली, सगळ्यांचं मागचं टोक सुईकडे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि केसासारख्या काचेच्या सुईने एकेकात जनुकाचं पाणी सोडायचं. तासाभरात अंड्याच्या आत पेशींच्या भिंती उभ्या राहतात, मग सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ओळ संपेपर्यंत उठायचं नाही.

मांडणी बायकोची असायची. प्रत्येक ओळीत एक अंडं ती मुद्दाम उलटं ठेवायची. तो न बघता टोचून मोकळा झाला की म्हणायची, "झोपलास ना? आजचा चहा तुझ्याकडे."

दीड वर्षापूर्वी तिने बाहेरच्या खोलीतून हाक मारली होती, "जरा येतोस का?"

"ओळ संपू दे."

"बरं, थांबते."

ओळ संपायला अकरा मिनिटं लागली. तेवढी ती थांबू शकली नाही.

आजची अंडी त्याने स्वतः मांडली होती, दोनदा तपासली होती. तेविसावं उलटं निघालं.

डोळे गेले आपले, असं म्हणत त्याने ते सोडून दिलं. पन्नासावं टोचलं आणि पट्टी सरकवली. पुढे अंडं होतं.

मोजताना चुकलो असेन, त्याला वाटलं. एकावन्न. बावन्न. साठ. पट्टी जेमतेम बोटभर लांब. तिचा काठ कधीच यायला हवा होता. मान आखडली, पायाला मुंग्या आल्या. हात आपला चालतच होता.

बंद दारावर टकटक झाली. "जरा येतोस का?"

"आलोच गं बाळा. ओळ संपू दे."

"बरं, थांबते."

खिशातला फोन वाजला. डोळा न काढता त्याने तो डाव्या हाताने कानाला लावला.

"बाबा, रस्ता तुंबलाय. अर्धा तास तरी लागेल मला. तुम्ही आवरलंत ना?"

फोन त्याच्या हातातून मांडीवर घसरला.

लेक त्याला कधी 'येतोस' म्हणाली नव्हती.

त्याने उठायला बघितलं. पाय उठेनात. डोळा भिंगावरून निघेना.

पुढचं अंडं उलटं होतं. त्याच्या पुढचंही. दिसत होती तेवढी सगळी तोंडं सुईकडे करून होती.

हात पुढे झाला. एकशे बारा. एकशे तेरा.

दाराबाहेर कुणीतरी खुर्ची ओढून बसलं.

"सावकाश होऊ दे," ती म्हणाली. "आता मला थांबता येतं."