गप्प ताऱ्याची ओढ

दुपारची पाळी संपत आली होती आणि बाईंचे डोळे चुरचुरत होते. गेली कित्येक वर्षं त्या एकाच जोडीच्या मागे लागल्या होत्या. एकमेकांभोवती फिरणारे दोन मेलेले तारे. एक रेडिओ लहरींचे नियमित ठोके देतो, दुसरा अगदी गप्प. तो आहे हे फक्त त्याच्या ओढीवरून कळतं. ठोके गणिताने सांगितलेल्या क्षणी आले, की गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पास. आजवर मेला दरवेळी पास झाला होता.

या महिन्यात मात्र ठोके किंचित लवकर येत होते. सिद्धांत चुकला असेल, तर बाईंच्या उभ्या आयुष्याचं सोनं होणार होतं. त्यावरचा शोधनिबंध आजच पाठवायचा होता. वेधशाळेचा दंडक असा, की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग घड्याळावर, सिद्धांतावर सगळ्यात शेवटी. दमलेल्या बाईंनी नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती.

वेधशाळेची घड्याळं सांभाळणारे काका तपासणीचं घड्याळ घेऊन आले.

"ताई, गडबड फक्त तुमच्या पाळीत होते."

"म्हणजे मीच वाकडी म्हणा की!"

काका हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बाईंच्या टेबलावर ठेवलं. ते मागे पडू लागलं. बाहेर व्हरांड्यात नेलं, तर सुतासारखं सरळ. मग बाई व्हरांड्यात आल्या.

घड्याळ पुन्हा मागे पडलं.

"जड वस्तूजवळ घड्याळ हळू चालतं, हे तुम्हीच शिकवलंत मला," काका म्हणाले. बाईंच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत ते जरा मागे सरकले. "तुमच्या यजमानांना जाऊन वर्ष होत आलं ना? घरी जा ताई. झोपा जरा."

निबंध राहिला. सगळ्या कष्टांवर पाणी पडलं होतं, पण रडायचंही त्राण नव्हतं. घरी येऊन बाई सवयीने पलंगाच्या आपल्या बाजूला, भिंतीकडे आडव्या झाल्या. खिडकीतून ऊन येत होतं. नवऱ्याच्या बाजूची चादर ताठ होती, तिला एक सुरकुती नव्हती.

डोळा लागताना त्यांना कळलं, की आपण त्या बाजूकडे घरंगळतोय.

गादी कुठेच दबली नव्हती.

बाईंनी भिंतीकडची कड घट्ट धरली. थोडा वेळ धरून ठेवली. मग हात दुखायला लागले, आणि त्यांनी ती सोडून दिली.