ओला गाल

दार लोटून घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका फिटरची. माणूस खोटं बोलणारा नव्हता. आता तर बोलतच नाही म्हणा ना.

गॅस टर्बाइनवर वीज बनवतात, तिथे तो कामाला. त्या मशीनमध्ये पंज्याएवढी पाती असतात आणि त्यांच्यावरून वाहणारा वायू इतका तापलेला, की धातूचं पाणी व्हावं. होत नाही, कारण पातं आतून पोकळ असतं आणि अंगावर बारीक भोकं असतात. त्यांतून थंड हवा निघते आणि पात्यावर पातळ पांघरुणासारखी पसरते. तेवढ्या पांघरुणावर सगळा खेळ! जुन्या पात्यांना नवा लेप दिला, की त्यातली काही भोकं बुजतात. ती शोधून मोकळी करावी लागतात.

आधी हे काम त्याच्या सासऱ्यांकडे होतं. आबा रबरी नळीने पात्यात फुंकायचे आणि ओला गाल भोकांपाशी धरायचे. गार लागलं ते भोक जिवंत, नाही लागलं ते मेलेलं. पोरं चिडवायची, "आबा, ताकसुद्धा फुंकून पिता काय हो?"

"पितो. म्हणून तर तोंड शाबूत आहे."

आबा गेले आणि काम जावयाच्या हाती आलं. त्याने गाल ओला करणं बंद केलं. गेज लावायचं, पात्यातून एकूण किती हवा जाते ते बघायचं, काटा हिरव्यावर आला की पास. सगळा संच त्याने असाच पास केला. तो बसवला त्या मशीनवर ड्यूटीला होता त्याचाच धाकटा भाऊ.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. मशीन संध्याकाळीच सुरू झालं होतं, आता पूर्ण लोडवर नेणार होते. फिटर घरी निघाला, पण गाडीची किल्ली वर्कशॉपमध्ये राहिली म्हणून परत फिरला.

आत अंधार. किल्ली उचलली, आणि ऐकू आलं...

फू...

त्याला वाटलं, हवेची लाइन गळतेय. चाचपून पाहिली. बंद होती.

फू...

टेबलावर त्याच संचातलं एक जादा पातं पडलं होतं. नळी जोडलेली. नळीचं दुसरं टोक नुसतंच लोंबत होतं.

त्याचा गाल ओला झाला. त्याने पाणी लावलं नव्हतं हो. तो वाकला. गार... गार... गार... मग काहीच नाही. सलग तीन भोकं मेलेली. पुढे पुन्हा गार.

त्याने गेज लावलं. काटा हिरव्यावर! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तीन भोकं बुजलेली, शेजारची झिजून रुंद झालेली. एकूण हवा तेवढीच. गेजला काय कळणार?

म्हणजे आत बसवलेली पातीही...

त्याने कंट्रोल रूमला फोन केला.

"मशीन बंद करा, साहेब! पाती खराब आहेत."

"तूच पास केलीस ना? सकाळी बोलू." फोन ठेवला.

मग भावाला.

"बोल, दादा."

"बाहेर ये. आहेस तसा पळ!"

"अरे, पण झालंय काय?"

"पळ रे!"

पलीकडे मशीनचा आवाज चढत गेला. आणि मग, अगदी कानाशी...

फू...

फू...

पुढचा आवाज गावानेही ऐकला. पातं तुटलं, कवच फोडून बाहेर आलं. आग लागली.

भावाची ओळख पटवायला फिटरलाच नेलं. अंग सगळं कोळसा. त्याने मान फिरवली, पण डॉक्टर म्हणाले, "हे काय असेल हो?"

डाव्या गालावर न जळलेल्या, गोऱ्या कातडीचे बारीक ठिपके होते. सुईने टोचावेत तसे, एका रांगेत.

मधले तीन नव्हते.