फुटलेल्या काचेचे दोन गुन्हेगार

"माझा फोन फुटलाय आणि घरात दोघंजण कबूल झालेत," शिंप्याची सून म्हणाली. "दोघंही खोटं बोलतायत, ताई."

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी चष्मा पुसला. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. वहिनींची गाडी चालवायची आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही त्यांची दोन कामं. दोन्ही ते मन लावून करत.

"कबूल झाले, मग तपास कसला?" भाऊजींनी विचारलं.

"एकच झाला असता तर मीही घरी बसले असते, भाऊजी."

फोनचा विमा होता. पण विमावाले विचारणार, कुणाच्या हातून, कसा फुटला. आणि त्या माणसाशी स्वतः बोलणार. खोटं सापडलं की विमा गेला. खिशातून दुरुस्ती करायची, तर काचेची किंमत ऐकूनच घेरी यावी.

"पैशाचं एक वेळ सोडा," सून हळूच म्हणाली. "मी नवी आहे त्या घरात. मला परकी धरून काय लपवतात, ते कळू दे."

वहिनींनी फोन उजेडात धरला. काचेच्या मधोमध खोल टोचा, सगळ्या भेगा तिथून निघालेल्या. टोच्यात निळी भुकटी. चारही कोपरे नवेकोरे.

शिंप्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. सासूबाई चहा ओतत म्हणाल्या, "जिन्यात माझ्या हातून निसटला. गडगडत खाली गेला."

सगळ्यांचे कप काठोकाठ भरले. सासऱ्यांचा, म्हाताऱ्या शिंपीमास्तरांचा, अर्धाच.

"त्यांना चहा कमी लागतो?" वहिनींनी विचारलं.

"छे. दोनदा घेतात."

मुलगा सुई ओवून वडिलांच्या मशीनपाशी खोचत होता. "आईचं ऐकू नका. स्कूटरवरून माझ्याच खिशातून पडला."

मास्तर कापड बेतत होते. कागदाचा नमुना उडू नये म्हणून त्यावर एकीकडे इस्त्री, दुसरीकडे मुलाचा फोन. कापडावर निळ्या खडूच्या रेघा. भाऊजींनी जाडजूड कात्री उचलून पाहिली.

"ती ठेवा," मुलगा म्हणाला. "बाबांशिवाय तिला कुणी हात लावत नाही."

मास्तरांनी भाऊजींकडे नजर टाकली. "शर्ट शिवायचाय? पोटाला चार बोटं जास्त धरतो."

स्वयंपाकघरात भाऊजी कुजबुजले, "मुलगाच. स्कूटर फार जोरात चालवत असणार."

"तुमचं पोट मास्तरांनी एका नजरेत ओळखलं, तुम्हाला मात्र काही दिसलं नाही," म्हणत वहिनींनी सासू, मुलगा आणि सून अशा तिघांना समोर बसवलं.

"जिन्यावरून गडगडला असता तर कोपरे फुटले असते. स्कूटरवरून पडला असता तर खरचटला असता. हा उताणा ठेवलेला होता आणि वरून टोकदार, जड काहीतरी आदळलं. भुकटी खडूची. म्हणजे फोन बेतायच्या टेबलावर होता, नमुन्यावर वजन म्हणून. पडली ती कात्री. आणि कात्रीला हात लावणारा एकच."

"मास्तर?" भाऊजींचा चहा गार झाला.

"त्यांचा हात थरथरतो. भरला कप सांडतो, म्हणून अर्धा. सुई ओवता येत नाही, म्हणून मुलगा ओवतो."

सासूबाईंनी मान खाली घातली. "फोन फुटला हे त्यांना कळलंच नाही. विमावाल्यांनी त्यांना खोदून विचारलं असतं. कात्री कायमची सोडावी लागली तर ते खचतील गं. तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

"मला आधी सांगितलं असतंत, आई," सून म्हणाली, "तर तिसरी मी कबूल झाले असते. विमा राहू दे. मी दुरुस्तीला देते."

"कशाला?" मास्तर दारात उभे होते. "हप्ते भरलेत ना? माझं नाव सांग. मी बोलतो त्यांच्याशी."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" मुलानं विचारलं.

"हात थरथरतो, कान नाही. काच फुटली ती ऐकली मी. पण तुम्ही दोघं इतकं मनापासून खोटं बोलत होतात, मला मोडवेना."

मग ते सुनेकडे वळले. "उद्यापासून कापड तू कापायचं. मी शेजारी बसेन."

"आणि वाकडं कापलं गेलं तर?"

"तर गिऱ्हाइकाला सांगेन, माझ्या हातून झालं."